उघडी मुळं

माझी बायको विजयमाला गेली त्या दिवशी मी घरीच होतो. फेब्रुवारीतला रविवार होता. मागच्या परसात सायकलच्या चेनला तेल सोडत बसलो होतो, तेवढ्यात समोरच्या एसटीडी बूथचे लालासाहेब आत आले. एरवी आमचा फोन आला की ते बूथच्या दारातूनच ओरडायचे, "आवं फौजी, फोन!" सगळ्या गल्लीला कळायचं. त्या दिवशी त्यांनी हाक मारली नाही. जवळ आले, माझ्या हातातली तेलाची बुधली काढून घेतली आणि बाजूला ठेवली.

"सांगलीचा फोन हाय," ते म्हणाले. "मी ऐकून घेतलंय. तुमी बसा आदी."

मी बसलेलोच होतो.

ती आदल्या दिवशी एसटीने सांगलीला गेली होती, नीलिमाताई कांबळ्यांकडे. नीलिमाताई पाटबंधारे खात्यात नोकरीला होत्या. दोघींची ओळख सांगलीच्याच एका फुलांच्या प्रदर्शनात झाली होती, एकाच कुंडीपुढं दोघी वाकल्या म्हणून. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी एकीची फेरी दुसरीकडे व्हायची. दोघी ऑर्किडं वाढवायच्या. त्या रविवारी सकाळी नीलिमाताईंच्या गच्चीवर चहा पिता पिता विजयमाला म्हणाली, छातीत जड वाटतंय. खुर्चीवर बसली. रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी फौजेतून हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि साताऱ्यात घर बांधलं. आमचं मूळ गाव आष्टा. तिथली जमीन माझे थोरले भाऊ नानासो कसतात. वडील लवकर गेले, त्यामुळे मला त्यांनीच वाढवलं. मी त्यांना नाना म्हणतो.

ऑर्किडांचा नाद विजयमालाला आसामात लागला. माझी बदली तिकडे होती आणि आम्हाला दोन वर्षं फॅमिली क्वार्टर मिळालं होतं. तिथल्या बायका चैत्राच्या सणाला एक फूल केसात माळतात, लांब वेणीसारखं, पांढऱ्यात गुलाबी ठिपके असलेलं. ते झाडाच्या फांदीवर वाढतं. आपल्याकडे कोयनेच्या रानातही ते आहे, त्याला सीतेची वेणी म्हणतात. पण हिनं पहिल्यांदा पाहिलं ते आसामात. परत येताना एक रोप शेवाळात गुंडाळून, माझ्या ट्रंकेतले बूट बाहेर काढून त्या जागी ठेवून आणलं. बूट मी चार दिवस गाडीत हातात घेऊन बसलो होतो.

त्या एका रोपापासून परस भरलं. बांबूच्या मांडवाला लाकडी पट्ट्यांच्या टोपल्या टांगलेल्या असायच्या. त्यांत माती नाही. कौलांचे तुकडे, नारळाची केसाळ सोडणं आणि लोणारी कोळसा. कोळसा मी इस्त्रीवाल्याकडून आणून द्यायचो, तेवढंच माझं काम. ऑर्किडांशिवाय हरणाच्या शिंगांसारखी पानं असलेलं एक नेचं होतं, ते फळीला बांधलेलं. मेणासारख्या फुलांचा एक वेल होता. गल्लीतल्या बायका यायच्या, बघायच्या आणि म्हणायच्या, "वैनी, ही बांडगुळं पाळायला लय हौस बाई तुमाला." ती हसायची. बांडगूळ दुसऱ्याचं खातं, हे कुणाचंच खात नाही, असं एकदा तिनं समजावून सांगितलं होतं. मग सांगणं सोडून दिलं.

दहाव्याला आम्ही माहुलीला संगमावर गेलो. पिंड मांडले. तिच्या आवडीचं ठेवलं, भजी, शेंगदाण्याची चटणी, पेल्यात चहा. कावळे पिंपळावर बसले होते, खाली येईनात. ऊन चढलं. मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणे माणसं एकेक करून तिला शब्द द्यायला लागली. माझी मुलगी शिवांजली पलूसला दिलेली आहे. ती रडत म्हणाली, "आई, मी आण्णांना एकटं टाकणार न्हाई." कावळा हलला नाही. भावकीतलं कुणीतरी म्हणालं, "सोन्यानाण्यात तर जीव अडकला न्हाई न्हवं?"

"गप बसा वो," नानांची बायको शालूवहिनी म्हणाली. "तिला कसलं सोनं. तिचा जीव त्या झाडांत."

मग नाना पुढं झाले. इथं एक सांगायला हवं. नाना विजयमालाशी कधी बोलले नव्हते. थोरल्या दिरासमोर भावजयीनं उभं राहायचं नाही आणि तोंडातोंडी बोलायचं नाही, ही आमच्या घरातली पद्धत. चहा द्यायचा तर ती माझ्या हाती द्यायची. नाना गावाकडून शेंगांचं पोतं घेऊन यायचे ते उंबऱ्यात टेकवून मोठ्यानं म्हणायचे, "नाथा, शेंगा आणल्यात," आणि आतून ती मला सांगायची, "त्यास्नी म्हणावं, जेवून जावा." चोवीस वर्षं हे असं चाललं.

नानांनी टोपी काढली. म्हणाले, "विजयमाला."

तिचं नाव त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"विजयमाला, तुजी झाडं मरू देणार न्हाई. पानी घालीन, खत घालीन, सोताच्या हातानं करीन. नानासोचा शब्द हाय."

आम्ही सगळे थोडे मागं सरलो होतो. एक कावळा उतरला आणि भज्याला चोच लावून गेला. कावळ्याचं मला काही कळत नाही. माणसं लांब झाली म्हणूनही तो आला असेल. पण नाना होते तिथंच वाळूत खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. नाना राहिले. ऊस कारखान्याला गेला होता, तोडल्यावर पुन्हा फुटणाऱ्या खोडव्याचं त्यांचा मुलगा बघत होता. "मला कायबी काम न्हाई," ते म्हणाले. "थोडं दिस ऱ्हातो."

दुसऱ्या दिवसापासून ते परसात जायला लागले. तिच्या हयातीत ते घराच्या मागच्या बाजूला कधी गेले नव्हते. आता सकाळी आंघोळ झाली की बादली आणि तांब्या घेऊन एकेका टोपलीत पाणी ओतायचे. ओतलेलं पाणी खालून गळून जायचं, म्हणून परत ओतायचे. संध्याकाळी परत एकदा. गल्लीतही नानांच्या शब्दाची गोष्ट पसरली होती, त्यामुळे जी बाई भेटायला यायची ती जाताना एक तांब्या झाडांना घालून जायची. मला बरं वाटायचं. घरात माणसं यायची, मागं पाण्याचा आवाज व्हायचा.

एक दिवस नाना गावाकडे गेले आणि दोन पोती घेऊन आले. एकात मळ्यातली काळी माती, एकात कुजलेलं शेणखत.

"काय करताय नाना?"

"काय करताय म्हंजे? बग की. समदी मुळं उघडी पडल्यात. लोंबत्यात पार. बाई मानूस, तिला कुठनं माती मिळायची सातारसारख्या गावात? कोळशावर भागवलं बिचारीनं."

"पण ती मुद्दाम तशीच ठेवायची."

"नाथा, फौजेत तुला बंदूक पुसायला शिकीवलं. मूळ झाकायला न्हाई शिकीवलं. मूळ उघडं दिसलं की भर लावायची. उसाला काय आन् ह्याला काय."

उसाच्या सरीत मूळ दिसायला लागलं की दोन्ही बाजूंनी माती ओढून बुडाशी लावतात, तिला भर म्हणतात. नानांचा सगळा जन्म त्यात गेला. त्यांनी दुपारभर बसून प्रत्येक टोपलीला आतून गोणपाट लावलं, माती आणि खत कालवलं आणि बोटांनी दाबून दाबून भरलं. लोंबणारी मुळं हलक्या हातानं गोळा करून आत सारली. लहान मुलाचे हातपाय दुपट्यात घ्यावेत तसं करत होते. मी त्यांना थांबवलं नाही. मला तरी कुठं माहीत होतं? कोळसा आणण्यापलीकडे मी त्यात नव्हतोच.

शिमगा झाला आणि पानं पिवळी पडायला लागली. आधी खालची, मग मधली. हात लावला की पान सुटून हातात यायचं. नानांनी एका पानाच्या बुडाचा वास घेऊन पाहिला.

"हुमणी लागली," ते म्हणाले.

हुमणी म्हणजे पांढरी जाड अळी. जमिनीत राहते आणि उसाचं मूळ खाते. आमच्याकडे तिचं नाव काढलं की माणसाची झोप जाते. नाना म्हणाले, उद्या जाऊन पावडर आणतो आणि मातीत मिसळतो. त्या संध्याकाळी त्यांनी जेवणावरून लवकर हात धुतला.

दुसऱ्या दिवशी ते पावडर आणायला बाजारात गेले आणि मी सांगलीची एसटी धरली. मी सांगलीला चाललोय हे त्यांना सांगितलं नाही. बँकेत पेन्शनचं काम आहे, एवढंच म्हणालो.

नीलिमाताईंनी मला गच्चीवर नेलं. त्यांची झाडं तिथंच होती. विजयमाला ज्या खुर्चीवर बसली होती ती खुर्चीही तिथंच होती. मी दुसरी घेतली. त्यांनी चहा आणला. मग मी विचारलं, "ताई, ह्यांना पाणी कसं घालायचं?"

त्यांनी एक टोपली खाली काढली. टोपलीबाहेर मुळं लोंबत होती, चुना लावल्यासारखी पांढरी.

"हे बघा भाऊ. पांढरं आहे म्हणजे तहानलंय." त्यांनी पंपानं पाणी मारलं. माझ्या डोळ्यांदेखत मूळ हिरवं झालं. "आता हे परत पांढरं होईपर्यंत हात लावायचा नाही. विजूताई म्हणायच्या, हिरव्या मुळाला पाणी घालणं म्हणजे जेवून उठलेल्या माणसाला परत पाटावर बसवणं."

ते वाक्य तिचंच होतं. तिचा आवाजच ऐकल्यासारखं झालं.

"आणि माती?" मी विचारलं.

"माती?" त्यांचा हात थांबला. "माती कुणी घातली?"

"माझ्या भावानं. शेणखत पण घातलंय."

त्या हसल्या नाहीत. "ह्यांची मुळं वाऱ्यावर जगतात, भाऊ. मातीत गुदमरून कुजतात. आज घरी गेलात की आज काढा. उद्यावर ठेवू नका."

"भावानं तिला शब्द दिलाय. संगमावर, सगळ्यांसमोर."

नीलिमाताईंनी टोपली परत जागेवर टांगली. त्यांच्याकडे कावळ्याला घास ठेवायची रीत नाही, पण मी काय म्हणतोय ते त्यांना समजलं. "मग त्यांनाच बरोबर घेऊन काढा," त्या म्हणाल्या.

घरी पोचलो तेव्हा नाना पावडरीचा पुडा घेऊन परसात बसले होते. अजून मिसळली नव्हती. मी कपडे न बदलता पहिली टोपली खाली उतरवली आणि उलटी केली.

"आरं, काय करतुयास? मीच भरलीया न्हवं ती?"

"नाना, मी सांगलीला गेलो होतो. ह्यांना माती चालत नाही. मुळं कुजतात."

"मातीबिगर कवा झाड जगलंय व्हय? कोन म्हनलं तुला?"

"जिच्या घरात विजू गेली, ती बाई म्हणाली."

नाना उठले. मला वाटलं ओरडतील. पण ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि टोपलीतून पडलेला मातीचा गोळा त्यांनी पुढं ओढून घेतला. बोटांनी फोडायला लागले. ढेकूळ फोडायचं, चोळायचं, बाजूला सारायचं, दुसरं घ्यायचं. आधी मला कळलं नाही ते काय करतायत. मग कळलं. ते हुमणी शोधत होते.

मी दुसरी टोपली उलटली. त्यांनी तीही माती तशीच चाळली. तिसरी. मुळं माझ्या हातात येत होती, काळी, बुळबुळीत, चिमटीत धरली की साल सुटून आत दोरा राहायचा. पण माझं लक्ष मुळांकडे कमी आणि नानांच्या बोटांकडे जास्त होतं. देवा, एक तरी अळी सापडू दे, असं मी मनात म्हणत होतो. एक पांढरी अळी निघाली असती तर सगळं तिच्यावर गेलं असतं.

शेवटच्या टोपलीची माती त्यांनी दोनदा चाळली.

"हुमणी न्हाई," ते म्हणाले.

मग कुजलेलं एक मूळ उचललं, चिमटीत दाबलं, वास घेतला आणि खाली ठेवलं. शेतकरी माणूस. त्याला कुजलेलं मूळ कुणी ओळखून दाखवायला लागत नाही.

"नाना, तुम्ही मायेनं केलं," मी म्हणालो.

"मायेनं केलं म्हनून काय झालं?" ते म्हणाले. नळावर गेले आणि हात धूत राहिले.

बरीच झाडं गेली. काही राहिली. नीलिमाताईंनी सांगितलं होतं तसं कुजलेलं कापलं, उरलेल्या मुळांना कोळशाची पूड लावली, नव्या सोडणांवर बांधलं. आसामचं रोप सगळ्यात जुनं आणि जाड. त्याची निम्मी मुळं टोपलीत मावली नव्हती, मातीबाहेरच राहिली होती, म्हणून ते तगलं.

गावाला निघायच्या दिवशी नाना पिशवी भरून तयार बसले. म्हणाले, "नाथा, एक मागतो."

"मागा की."

"त्यातलं एक झाड मला दे. समदी तू संबाळ, मी आता हात लावत न्हाई. पर तिला शब्द मी दिलाय. एक तरी माज्या हातनं जगू दे."

त्यांची नजर आसामच्या रोपावर होती. नाही म्हणावं असं मला वाटलं. पण मी टोपली काढली आणि त्यांच्या हातात दिली. पाणी कसं घालायचं ते सांगितलं, पांढरं मूळ, हिरवं मूळ, सगळं. माती नाही, हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. एसटीत ते खिडकीशी बसले आणि टोपली मांडीवर घेतली. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, लगेज वर टाका." नाना म्हणाले, "ह्ये लगेज न्हाई."

ते चैत्र लागायच्या सुमाराला. मेमध्ये शालूवहिनी माझ्याकडे येऊन गेली. आंबे, कुरडया, चटणी असं बरंच घेऊन आली होती. जेवण झाल्यावर मी विचारलं, "नाना बरे हायत न्हवं?"

"आवं भावजी, काय सांगू. त्यांच्यात लय फरक पडलाय. सकाळी आंगुळ झाली की झाडापशी पाट टाकून बसत्यात. बोलत्यात."

"काय बोलत्यात?"

"काय बी. ऊस किती आला, पोराचं लगीन कुटं बगतोय, मोटर कवा जळली. मी म्हनलं, माज्याशी कदी एवडं बोलला न्हाईसा तुमी! तर म्हनत्यात, तुज्याशी बोलायचं काय ऱ्हायलंय? तिच्याशीच ऱ्हायलंय." वहिनी हसली, मग पदरानं डोळे पुसले. "आन् एक खुशखबर. झाडाला फुलाचा तुरा आलाय. हातभर लांब. हे समद्या आळीला बोलवून दाखवत्यात."

मला आनंद झाला. मी म्हणालो, "मुळं हिरवी दिसत्यात का?"

वहिनीनं जरा इकडंतिकडं बघितलं. "मुळं कुटं दिसायला. माती घातलीया की त्यांनी."

"माती? वहिनी, मी त्यास्नी सांगितलं होतं."

"मी बी म्हनलं, भावजींनी नगं म्हनून सांगितलंय न्हवं? चार दिस न्हाई घातली. पाचव्या दिवशी घातली. मला म्हनले, चोवीस वर्सं त्या पोरीनं माज्यासमोर डोईवरचा पदर ढळू दिला न्हाई. तिचं झाड आसं उघडंवाघडं दारात टांगून ठेवू व्हय मी?"

मी ताटं उचलून मोरीत नेली.

वहिनी गेल्यावर मी लालासाहेबांच्या बूथवरून सांगलीला फोन लावला. तुरा आल्याचं नीलिमाताईंना सांगितलं, मातीचंही सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, खरं सांगू का? ही झाडं जायला लागली की कधीकधी जाता जाता फुलतात. तुरा उतरल्यावर बघाल तर उशीर झालेला असेल. आत्ता माती काढली तर वाचेलही. मला खात्री देता येणार नाही."

लालासाहेबांनी विचारलं, "काय फौजी, बरी बातमी का?" मी म्हणालो, "फूल आलंय गावाकडं."

माझ्या इथली झाडं सावरतायत. नेचं तर पहिल्यापेक्षा बरं आहे. एका ऑर्किडाला नवं मूळ फुटलंय, टोकाला मुगाच्या कोंबासारखं हिरवं. मी पाणी मोजून मारतो आणि पांढरं होईपर्यंत हात लावत नाही. विजयमालाला आवडलं असतं असं म्हणवत नाही, कारण तिनं काहीतरी चूक काढलीच असती.

आष्ट्याचं मात्र मनातून जात नाही. मी जाऊन माती काढली तर ते रोप कदाचित वाचेल. ट्रंकेतून आणलेलं आहे, तिच्या हातचं सगळ्यात पहिलं. पण नानांना परत एकदा माझ्यासमोर बसून ढेकळं फोडावी लागतील. आणि नाही गेलो तर त्यांना काही दिवस तुरा मिळेल, पाट टाकून बसायला जागा मिळेल, आणि मग एक दिवस पानं पिवळी पडतील. तेव्हा पुन्हा ते मातीत अळी शोधतील, आणि या वेळी शेजारी कुणी नसेल. ह्या दोन्हींत कमी वाईट कुठलं ते मला कळत होतं. तरी मी दोन वेळा स्टँडवर जाऊन परत आलो. एकदा तर सोडणांची पिशवी हातात होती.

फोन करून सांगण्यासारखं ते नाही. नानांच्या शेजारी बसून, त्यांचा हात धरूनच ते करायला हवं. त्यांना हेही सांगायला हवं की मुळं उघडी राहिली तर तिचा मान जात नाही, तिनं स्वतःच ती तशी ठेवली होती.

जून लागलाय. तुरा अजून आहे असं वहिनीनं कळवलंय. मी अजून आष्ट्याला गेलेलो नाही, आणि माती अजून काढलेली नाही.